चित्रपटगृहातून टपालकचेरीत

गेल्या प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ कार्यालयात येऊन बसले. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत त्यांची वीस-बावीस वर्षे गेली आहेत. साच्याची वाळू मुठीत दाबून तिच्यात ओल किती आहे हे सांगणारा हा माणूस, साध्या कामगारापासून चढत चढत कारखान्याचा व्यवस्थापक झालेला. आता एका रुग्णालयाच्या विश्वस्तांनी त्यांना प्रशासनाची सूत्रे स्वीकारण्याविषयी विचारले होते. पगार अधिक होता, समाजात मानही अधिक होता. पण चेहऱ्यावर आनंद काही दिसेना.

"फादर, दवाखान्यातलं मला काही कळत नाही. पण विश्वस्त म्हणतात, तुम्हांला माणसं सांभाळता येतात, हिशेब कळतो, मग आणखी काय हवं? खरंच एवढं पुरतं का हो?"

धर्मगुरूकडे कोणी प्रश्न घेऊन आले की काहीतरी उत्तर दिलेच पाहिजे, अशी आम्हा लोकांची एक वाईट खोड आहे. प्रार्थना करा, घरच्यांशी बोला, देव मार्ग दाखवील, असे काहीसे बोलून मी त्यांना निरोप दिला. ते गेले, त्यांचा प्रश्न मात्र समोरच्या खुर्चीत बसून राहिला.

एका घरात मुरलेला माणूस दुसऱ्या घराचा कारभारी होतो, तेव्हा पहिल्या घरातून तो नेमके काय बरोबर आणतो? आणि काय तिथेच राहून जाते? हा प्रश्न एका कोल्हापूरकरापुरता नाही. २००१ साली अमेरिकेत तो फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. ती हकिकत आधी सांगतो, कारण तिच्या एका कोपऱ्यात, अगदी अनोळखी असा, मीही उभा आहे.

टेरी सेमेल हे हॉलिवूडमधील वॉर्नर ब्रदर्स या विख्यात चित्रपटसंस्थेचे रॉबर्ट डेली यांच्यासह संयुक्त प्रमुख होते. शिक्षण हिशेबशास्त्राचे आणि उमेदवारी चित्रपटांच्या विक्रीत झालेली. कोणत्या कथेत पैसा घालावा, कोणता नट घ्यावा, चित्रपट कोणत्या आठवड्यात झळकवावा, याची त्यांची जाण पक्की होती. 'बॅटमॅन' आणि 'द मेट्रिक्स' हे चित्रपट त्यांच्याच कारकिर्दीतले. १९९९ साली दोघांनीही संस्था सोडली. पुढे मे २००१मध्ये सेमेल याहू या इंटरनेट कंपनीचे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

याहू हे नाव आजच्या मुलांना फारसे ठाऊक नसेल. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९४ साली इंटरनेटवरील स्थळांची एक यादी तयार करायला घेतली आणि वर्षभरात तिची कंपनी झाली. पुढे तिथे बातम्या आल्या, हवामान आले, खेळांचे निकाल आले आणि मुख्य म्हणजे लोकांना फुकट मिळणारी टपालपेटी आली. २००० साली इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, याहूचे समभाग कोसळले आणि जाहिरातदार पांगले. अशा वेळी कंपनीने तंत्रज्ञ बोलावला नाही, चित्रपटसृष्टीतला मुरब्बी कारभारी बोलावला. ई-मेलचा वापर सेमेल स्वतः क्वचितच करीत, असे त्या वेळी लिहिले गेले, आणि लोक हसले.

हसणाऱ्यांना प्रारंभी तरी त्यांनी खोटे पाडले. २००१ साली याहूचे वार्षिक उत्पन्न सुमारे ७२ कोटी डॉलर होते, ते २००६ साली ६४० कोटींच्या वर गेले. पसरलेला कारभार त्यांनी आवरला, जाहिरातदारांशी पुन्हा नाते जोडले, मोठ्या कंपन्या विकत घेतल्या. हिशेबनीसाला आणि विक्रेत्याला जे येते ते त्यांना उत्तम येत होते आणि ते सारे त्यांच्याबरोबर नव्या घरात आले. तेव्हा कौशल्य घर बदलते हे मान्य करू या.

पण त्यांची दृष्टीही त्या जुन्या घरातलीच राहिली, असे मागे वळून पाहताना वाटते. चित्रपटसंस्थेच्या प्रमुखाला समोर प्रेक्षक दिसतो. प्रेक्षक म्हणजे अंधारात बसलेला समुदाय. त्याचे नाव तिकिटावर लिहिलेले नसते आणि लिहिण्याचे कारणही नसते. त्याला दाखवायचे, रिझवायचे, पुन्हा पुढच्या शुक्रवारी आणायचे, एवढाच व्यवहार. सेमेल यांनी याहूकडे अशाच एका मोठ्या चित्रपटगृहाप्रमाणे पाहिले. २००४ साली एबीसी दूरचित्रवाणीचे लॉइड ब्राऊन यांना त्यांनी आणले आणि हॉलिवूडपासून जवळ असलेल्या सांता मोनिका येथे कार्यक्रमनिर्मितीचा विभाग थाटला. दोन वर्षांत ब्राऊन निघून गेले. दरम्यान, शोध घेण्याचे यंत्र म्हणजे भाड्याने आणता येईल असे सामान, या समजुतीने याहूने २००० सालापासूनच आपल्या दारात गूगलला बसवले होते. हे सेमेल यांच्या आधीचे. परंतु २००२ साली ते गूगलच विकत घेण्याची बोलणी त्यांच्या काळात किमतीवर अडली, हेही पुढे प्रसिद्ध झाले. जून २००७मध्ये त्यांनी कार्यकारी पद सोडले आणि त्या जागी संस्थापक यांग आले.

व्यापारी मासिके ही कथा इथेच संपवतात: गूगल हातचे गेले, बिचारा फसला. मला ती इथे संपलेली वाटत नाही. गूगल घेतले असते तर फार तर भागधारक अधिक श्रीमंत झाले असते. माझे लक्ष आहे ते त्या फुकट टपालपेटीकडे.

चीनच्या हूनान प्रांतात शी ताओ नावाचे एक पत्रकार आणि कवी होते. १९८९ साली थ्येनआनमन चौकात जे घडले त्याला २००४ साली पंधरा वर्षे होत होती. त्या निमित्ताने काय छापू नये याविषयी सरकारी सूचना त्यांच्या वृत्तपत्रात आली. एप्रिल महिन्यात शी ताओ यांनी त्या सूचनेचा सारांश आपल्या याहूच्या टपालपेटीतून अमेरिकेतील लोकशाहीवादी मंडळींना पाठवला. तो कुठून गेला, याची माहिती चिनी अधिकाऱ्यांनी याहूकडे मागितली आणि याहूच्या तिकडच्या शाखेने ती दिली. नोव्हेंबरमध्ये त्यांना अटक झाली. एप्रिल २००५मध्ये न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. याहूकडून मिळालेल्या माहितीचा उल्लेख त्या निकालपत्रातच होता. पूर्ण मुदतीच्या थोडे आधी, २०१३ साली, ते सुटले. नोव्हेंबर २००७मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे यांग यांना बोलावले गेले, तेव्हा मागच्या रांगेत शी ताओ यांची आई बसली होती. यांग तिच्यासमोर वाकले आणि त्यांनी क्षमा मागितली. सेमेल तोवर कार्यकारी पदावरून गेलेले होते.

तो हुकूम सेमेल यांच्या टेबलावर आला होता असे माझे म्हणणे नाही. तशी माझ्याजवळ माहितीही नाही. चीनमध्ये व्यवसाय करायचा तर तिथला कायदा पाळावा लागतो, असे कंपनीचे म्हणणे होते आणि ते सर्वस्वी पोकळही नव्हते. पण एक विचार मनातून जात नाही. चित्रपट विकणाऱ्याच्या ताब्यात प्रेक्षकाचे काहीही नसते. प्रेक्षक तीन तास बसतो, डोळे पुसतो नाहीतर शिट्या मारतो आणि घरी जातो. मागे फक्त शेंगांची टरफले उरतात. टपालकचेरीचे तसे नाही. तिथे माणसाने आपले काहीतरी ठेवलेले असते. समोरच्यांना प्रेक्षक समजून कारभार पाहत असता आपण त्यांची पत्रे सांभाळीत आहोत, हे वर बसलेल्या माणसाला किती वेळा आठवत असेल?

हा प्रश्न विचारण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे वाचकांनी पुढचे वाचून ठरवावे.

२००२ साली मी एका दुसऱ्या गावी सहायक धर्मगुरू होतो. तिथली एक भगिनी परिचारिका म्हणून आखातात गेली होती. टपालाने पत्र यायला पंधरा दिवस लागत, फोन परवडत नसे. म्हणून तिच्याच सांगण्यावरून मी याहूची टपालपेटी उघडली. बाजारपेठेतील एका सायबर कॅफेत, प्लायवूडच्या आडोशामागे बसून, तासाला वीस रुपये मोजून मी आठवड्यातून एकदा तिची पत्रे वाचीत असे. परक्या देशात एकटी पडलेली ती, जे घरच्यांना लिहू शकत नव्हती ते मला लिही. काही तपशील मी इथे बदलले आहेत आणि पत्रांत काय होते ते अर्थातच लिहिणार नाही.

एका संध्याकाळी तिचे पत्र अर्धे वाचून झाले होते, तोच एक मुलगा धावत आला. एक वृद्ध अत्यवस्थ होते आणि तैलाभ्यंग द्यायला मला ताबडतोब बोलावले होते. मी टेबलावर पैसे ठेवले आणि निघालो. पत्र पडद्यावर तसेच उघडे राहिले. माझ्यामागून त्या जागी कोण बसले ते मला नंतर कळले. तो आपल्याच लोकांपैकी होता. आठवड्याच्या आत त्या पत्रातली गोष्ट तिच्या सासरच्या ओटीवर पोहोचली.

तिचे आणखी एक पत्र आले, दोन ओळींचे. त्यानंतर काही आले नाही.

वास्तविक गुपित राखण्याचे शिक्षण माझ्याइतके कसून कुणाला मिळाले असेल? पापनिवेदन ऐकण्याची अनुज्ञा मिळण्यापूर्वी सेमिनरीत आमची तोंडी परीक्षा झाली होती. चर्चच्या कायद्यातील ९८३वे कलम आम्हांला झोपेतही म्हणता आले असते: शब्दाने वा अन्य कोणत्याही रीतीने, कोणत्याही कारणास्तव, पापनिवेदन करणाऱ्याचा विश्वासघात करता येत नाही. जाळीआड बसलो की माझे अंग आपोआप सावध होत असे. पण प्लायवूडच्या आडोशामागे बसलो की होत नसे. तिथे मी पत्र वाचणारा एक गिऱ्हाईक होतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात आठव्या आज्ञेच्या विवरणात व्यावसायिक गुपितांचा विचार आहे. राजकीय पदाधिकारी, सैनिक, वैद्य, वकील यांचा तिथे उल्लेख आहे. टपालपेटी चालवणाऱ्या कंपनीचा नाही आणि सायबर कॅफेत बसलेल्या फादरचाही नाही. पण यादीत आपले नाव नाही म्हणून आज्ञा आपल्याला लागू नाही, असे थोडेच असते? मी खोली बदलली होती आणि माझा सद्गुण मागच्या खोलीतच राहिला होता.

तेव्हा ज्याने त्याने आपल्याच घरात राहावे, असे म्हणावे काय? सोनाराने सोनारच राहावे, सुताराने सुतार? कोल्हापुरात राहून असे म्हणण्याची माझी छाती होत नाही. खरी कॉर्नरला उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्यांची ती आठवण आहे ते बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवीत. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२०चा 'सैरंध्री' कोल्हापुरात तयार झाला. त्यांच्याच हाताखाली शिकलेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सीताराम कुलकर्णी या सराफासह १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. दोन वर्षांत बोलपट आला. मूकपटात मुरलेल्या या मंडळींच्या पायाखालची जमीनच सरकली म्हणा ना. अशा वेळी दामले स्वतः ध्वनिमुद्रण शिकले आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' इथेच, कोल्हापुरात, बोलू लागला. पुढे प्रभात पुण्याला गेली आणि १९३६चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला तो याच दामले-फत्तेलाल यांनी, म्हणजे ध्वनी पाहणाऱ्याने आणि कला पाहणाऱ्याने. हे सगळेच घर बदललेले लोक. मात्र एक गोष्ट ध्यानात येते. नव्या घरात ते शिरले ते स्वयंपाकघराच्या दाराने. नवे यंत्र आले तेव्हा मालक असलेला माणूस त्या यंत्रापाशी विद्यार्थी होऊन बसला.

आणि दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यांग हे याहूच्याच घरात वाढलेले, किंबहुना ते घर त्यांनीच बांधलेले. यंत्राची खडान्‌खडा माहिती असूनही शी ताओ यांच्या बाबतीत त्यांनाही वेळीच काही सुचले नाही. म्हणजे क्षेत्राचे ज्ञान हेही पुरेसे कवच नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी सॉक्रेटिसचे आत्मसमर्थन वाचले होते. आपल्याहून शहाणा कोण, याचा शोध घेत तो राजकारण्यांकडे गेला, कवींकडे गेला आणि शेवटी कारागिरांकडे गेला. कारागिरांना खरोखरच पुष्कळ काही येत होते, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. पण आपल्याला एक गोष्ट उत्तम येते म्हणून सर्वांत महत्त्वाच्या गोष्टींतही आपण शहाणे आहोत, असे त्यांतल्या प्रत्येकाला वाटे. आणि या समजुतीने त्यांच्या खऱ्या ज्ञानावरही सावली पडे. त्या वयात मला तो कारागिरांवरचा विनोद वाटला होता. आता तो आरशासारखा वाटतो.

ॲरिस्टॉटलने आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांनी कला आणि सुज्ञता यांत भेद केला आहे. वस्तू नीट कशी घडवावी हे कलेला कळते. आपण नीट कसे वागावे हे सुज्ञतेला कळते. दोन्ही बुद्धीचेच गुण. पण त्यांची पारख उलटसुलट होते. कसबी छायाचित्रकाराने मुद्दाम चित्र धूसर केले तर तो कमी दर्जाचा ठरत नाही. उलट न कळत धूसर करणारा कच्चा. वागण्यात मात्र जो समजून-उमजून विश्वास मोडतो तोच अधिक वाईट. आमच्या फौंड्रीवाल्या गृहस्थांनी हे तत्त्वज्ञान न वाचता माझ्याहून नेटके सांगितले. दुसऱ्या खेपेस आले तेव्हा ते म्हणाले, "बिघडलेलं कास्टिंग आम्ही पुन्हा भट्टीत टाकतो, फादर. तिथं माणसं आहेत."

संत थॉमस सुज्ञतेचे घटक मोजताना आणखी एक गुण सांगतात. मराठीत त्याला शिष्यभाव म्हणता येईल. विद्वान आणि वडीलधारे यांनाही काही बाबतींत शिकवून घ्यावे लागते, कारण सुज्ञतेच्या प्रांतात कोणीच सर्वस्वी स्वयंपूर्ण नाही, असे त्यांचे म्हणणे. वर्गात या गुणावरून आम्ही घाईने पुढे गेलो होतो. धैर्य, न्याय अशा भारदस्त शब्दांपुढे शिष्यभाव किरकोळ वाटे. मोठ्या पदावर थेट जाऊन बसणाऱ्याला हाच गुण सर्वांत महाग पडतो, कारण पहिल्या दिवसापासून प्रत्येकजण त्याला प्रश्न विचारीत असतो. प्रश्न विचारण्याची त्याची पाळी येतच नाही. आम्हा धर्मगुरूंच्या बदलीतही हेच होते. नव्या धर्मग्रामात पहिल्या रविवारी हार घालतात आणि दुसऱ्या रविवारी निर्णय मागतात.

या संदर्भात महाराष्ट्रातले एक अलीकडचे उदाहरण मला विचार करण्याजोगे वाटते. मुंबईचे रॉनी स्क्रूवाला यांनी १९९० साली यूटीव्ही स्थापन केली. त्याआधी मुंबईच्या इमारतींत केबल पोहोचवण्याचा धंदा त्यांनी केला होता. 'स्वदेस', 'रंग दे बसंती' हे चित्रपट यूटीव्हीचे. त्यांतल्या 'स्वदेस'मधले गाव म्हणजे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील वाईजवळचे मेणवली. दादासाहेब फाळके यांच्या धडपडीवरचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी चित्रपटही यूटीव्हीच्याच हातून लोकांपर्यंत पोहोचला. २०१२ साली यूटीव्ही डिस्नीच्या ताब्यात गेली आणि २०१५ साली स्क्रूवाला यांनी सहकाऱ्यांसह अपग्रॅड ही इंटरनेटवरून उच्च शिक्षण देणारी कंपनी काढली. २०२१ साली तिचे मोल एक अब्ज डॉलरच्या वर गेले. पुढे चित्रपटनिर्मितीकडेही ते पुन्हा वळले, तो भाग वेगळा.

सेमेल तयार घरात वरच्या मजल्यावर उतरले. स्क्रूवाला यांनी नवे घर पायापासून बांधले. हा फरक मोठा आहे. पण मला कुतूहल आहे ते त्या घरात कोण राहायला येते याचे. चित्रपट पडला तर प्रेक्षकाचे तिकिटाचे पैसे आणि एक संध्याकाळ जाते. बाहेर येऊन तो चार शिव्या देतो आणि मोकळा होतो. विद्यार्थी तसा मोकळा होत नाही. इंटरनेटवरच्या शिक्षणासाठी, कंपनी कोणतीही असो, नोकरी करणारी मुले-मुली हप्ते भरतात, रात्री जागतात, आपल्या वयाची दोन वर्षे तिथे ठेवतात. चित्रपटाची जाहिरात थोडी चढवून केली तरी कुणाला राग येत नाही, त्या धंद्याची ती रीतच आहे. तीच चढवलेली भाषा शिक्षणाच्या जाहिरातीत आली तर तिचे काय होते? तेच शब्द, तोच उत्साह, तेच कौशल्य; आणि तरी चित्रपटगृहाच्या दारावर जो निरुपद्रवी डांगोरा होता तो इथे वचन होऊन बसतो. मी कोणत्याही एका कंपनीचा हिशेब मांडायला बसलेलो नाही. पडद्याच्या दुनियेतून आलेल्या कारभाऱ्याने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे आणि तो कंपनीच्या ताळेबंदात आपोआप दिसत नाही.

शुभवर्तमानात घर बदलल्याची अशी एक मोठी घटना आहे. (हिशेबात वाकबगार असलेला मत्तय जवळ असताना पैशांची थैली यहूदाकडे कशी गेली, हा प्रश्न मी लहानपणी आमच्या फादरांना विचारला होता. त्यांनी मला घंटा वाजवायला पाठवले.) घटना आहे संत योहानाच्या शेवटच्या अध्यायातली. पेत्र पुन्हा आपल्या जुन्या धंद्याकडे, मासेमारीकडे वळला आहे. रात्र रिकामी गेल्यावर पहाटे जाळे भरते आणि कोळ्यांच्या सवयीप्रमाणे मासे मोजले जातात: १५३. न्याहारी होते. मग त्या कोळ्याच्या हाती प्रभू जे काम देतो ते मेंढपाळाचे! मासा आणि मेंढरू यांत किती अंतर आहे, हे समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नको. मासा पकडायचा असतो, मोजायचा असतो. जाळ्यात आला की कोळ्याचे त्याच्याशी नाते संपते. मेंढपाळाचे नाते कळप हाती आल्यावर सुरू होते. त्याला लंगडे कोणते, गाभण कोणते, मागे राहणारे कोणते हे ओळखावे लागते. इतके वेगळे काम देताना प्रभू पेत्राला कळप राखण्याचा अनुभव विचारीत नाही आणि १५३ माशांबद्दल शाबासकीही देत नाही. तीन वेळा एकच प्रश्न विचारतो, प्रीतीचा. आणि तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो. त्या दुःखाचे कारण माझ्या परीने मला कळते. ज्याने तीनदा ओळख नाकारली होती त्याला विश्वासाचे काम देताना त्याच्या कसबाची नव्हे, त्या जखमेची चौकशी चालली होती.

मीही तसाच एकदा चौकशीला सामोरा गेलो. ती भगिनी तीन वर्षांनी रजेवर आली, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. माझी बदली झालेली होती, जाण्याची सक्ती नव्हती. ती ओसरीत तांदूळ निवडीत बसली होती. काय झाले, कसे झाले, ते मी सांगितले. परिस्थितीचे कारण सांगण्याचा मोह झाला, तो आवरला. तिने बराच वेळ ताटातले खडे बाजूला काढले आणि मग एवढेच विचारले, "फादर, त्या दिवशी ते म्हातारे बाबा वाचले का?" ते त्याच रात्री देवाघरी गेले होते. मी तसे सांगितले. तिने मान हलवली आणि आत जाऊन चहा ठेवला.

हे सारे मी फौंड्रीवाल्या गृहस्थांना सांगितले, ते तिसऱ्यांदा आले तेव्हा. जा किंवा जाऊ नका, असे काही बोललो नाही. पुनरुत्थानाच्या सणानंतर त्यांनी ते पद स्वीकारल्याचे कळले. गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर आवारात भेटले, हातात नातवासाठी घेतलेला फुगा होता. कसे चालले आहे, असे विचारताच म्हणाले, रोज सकाळचा एक तास केसपेपरच्या खिडकीमागे बसतो, तिथली बाई शिकवते. रुग्णांचे जुने कागद कोणत्या कपाटात असतात, किल्ली कुणाकडे असते आणि ती रात्री कुठे टांगलेली असते, एवढे पहिल्या आठवड्यात विचारून घेतले. किल्ली खिळ्याला टांगत असत म्हणे. आता तिथे खिळा नाही.